फीत कापायच्या आधी

नूतनीकरण झालेल्या ग्रंथालयात पहिल्या दिवशी शिरणारे लोक आधी छताकडे बघतात, मग दिव्यांकडे, मग नव्या खुर्चीवर बसून पाहतात. हे सगळं पंधरा मिनिटांत उरकतं. सोळाव्या मिनिटाला कुणीतरी काउंटरवर येऊन विचारतं, ‘इथं डावीकडे चरित्रं होती, ती कुठं गेली?’ त्याला बोट दाखवून जागा सांगता आली आणि पुस्तक तिथं सापडलं, तर ग्रंथालय उघडलं म्हणायचं. नाहीतर तो नुसताच रंगकामाचा समारंभ.

घोळाचं मूळ बहुतेक वेळा तारखेत असतं. पाहुण्यांची सवड बघून तारीख ठरते, पत्रिका छापल्या जातात, आणि मग गवंडी, रंगारी, सुतार, वायरमन आणि पुस्तकं एकाच आठवड्यात एकाच दारातून आत शिरू बघतात. तारीख उलटीकडून काढायची असते. इमारत कधी वाळेल, मांडण्या कधी भरून होतील आणि भरल्यानंतर आठवडाभर तालीम कधी करता येईल, हे कळल्यावर पत्रिका छापायला द्यावी. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या मोठ्या वाचनकक्षात मे २०१४ मध्ये ५२ फूट उंचीवरच्या छतातलं प्लास्टरचं एक फूल निखळून पडलं. कक्ष पुन्हा उघडला ५ ऑक्टोबर २०१६ ला. तोवर छतातली अशी सुमारे ९०० फुलं पोलादी तारांनी जखडून घेतली होती. घाई करायला कारणं तिथंही कमी नसतील.

ओल

सगळ्यात जास्त वेळ खाणारं आणि सगळ्यात कमी दिसणारं काम म्हणजे वाळणं. ढोबळ हिशेब असा, की हवा खेळती असेल तर नवा गिलावा किंवा कोबा (जमिनीवरचा सिमेंटचा थर) दिवसाला साधारण एक मिमी वाळतो. १५ मिमीच्या गिलाव्याला दोन आठवडे, ५० मिमीच्या कोब्याला जवळजवळ दोन महिने. त्याहून जाड थराला वेळ पटीपेक्षाही जास्त लागतो, कारण आतल्या पाण्याला बाहेर यायची वाट लांबते. दमट हवेत हा हिशेब सरळ दुप्पट धरावा. वरून रंग कोरडा लागतो म्हणून भिंत कोरडी असते असं नाही. उलट घाईने मारलेला रंग आतली ओल कोंडून ठेवतो आणि दोन-तीन महिन्यांनी फुगे धरतो, नेमका मांडणीच्या मागे, जिथं कुणाचं लक्ष जात नाही.

तपासणी सोपी आहे. ४५ सेमी लांबी-रुंदीचं जाड पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, चारी कडांनी चिकटपट्टी लावून जमिनीवर घट्ट बसवायचं आणि सोळा तास हात लावायचा नाही. आतून दव धरलं किंवा खालचा कोबा काळपट दिसला तर अजून पुस्तकं आणू नका. एकाच जागी करून भागत नाही. बाहेरच्या भिंतीजवळ, स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून आणि खोलीच्या मध्यावर, अशा तीन जागा तरी बघाव्यात.

हवेतल्या आर्द्रतेसाठी दोन-तीन साधे हायग्रोमीटर पुरतात. एक खिडकीजवळ, एक खोलीच्या सर्वांत आतल्या कोपऱ्यात, तळाच्या खणाच्या उंचीला ठेवायचा. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांत राहिली तर उत्तम. ६५ च्या वर सलग काही दिवस टिकली की बुरशी धरलीच म्हणून समजा. इथं वातानुकूलनाची एक खोड लक्षात ठेवायला हवी. दिवसा यंत्र चालू आणि रात्री बंद, असं केलं की रात्री दमट हवा थंड पडलेल्या पत्र्यावर आणि पुठ्ठ्यांवर येऊन बसते. आर्द्रता एका पातळीला स्थिर असेल तर पुस्तकं बरंच सोसतात, पण रोजचा चढउतार बांधणी सैल करतो. रात्री यंत्र बंदच ठेवायचं असेल तर आर्द्रता शोषणारं यंत्र तरी चालू ठेवावं, नाहीतर सकाळी खिडक्या उघडण्याची वेळ ठरवून पाळावी.

रंगाचंही तसंच. पाण्यातला रंग काही दिवसांत निवतो, ऑइल पेंट आणि पॉलिशचा वास मात्र तीन-चार आठवडे जात नाही, आणि जोवर वास आहे तोवर कागदाला लागणारी वाफही आहे. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणि स्वस्त प्लायवूडमधून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू निघत राहतो. नव्या लाकडी मांडण्या असतील तर त्या बसवून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून महिनाभर रिकाम्या ठेवाव्यात. पावडर-कोटिंग केलेला पोलादी पत्रा भट्टीत भाजूनच येतो, त्यामुळे त्याला ही वाट बघावी लागत नाही. दिसायला लाकूड छान, पण तारीख जवळ असेल तर पोलाद घ्या.

मांडणी बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, किमान पाच सेमी फट सोडा. तळाचा खण जमिनीपासून दहा ते पंधरा सेमी वर असू द्या. फरशी धुताना येणारं पाणी, फुटलेला नळ, वाळवीची चढण, या तिन्हींसाठी ती उंची हवी. आणि मागच्या फटीत टॉर्च मारून महिन्यातून एकदा बघणारा माणूस ठरलेला असावा.

काम चालू असताना पुस्तकं जागेवरच प्लास्टिकने झाकून ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो, हलवाहलवीचा खर्च वाचतो म्हणून. प्लास्टिकखाली ओल कोंडते, आणि वर वेल्डिंग, कटिंग, उघड्या वायरी चालू असतात. जर्मनीतल्या वायमार इथलं आन्ना आमालिया ग्रंथालय २ सप्टेंबर २००४ ला पेटलं. पुस्तकं दुसरीकडे हलवायचं ठरलेलं होतं, ते काही आठवड्यांवर आलं होतं. सुमारे ५०,००० ग्रंथ जळाले, आणखी ६२,००० आगीने आणि आग विझवायच्या पाण्याने खराब झाले. इमारत २४ ऑक्टोबर २००७ ला पुन्हा उघडली. पुस्तकांची दुरुस्ती त्यानंतरही वर्षानुवर्षं चालूच राहिली.

खणांचं गणित

नवी मांडणी किती लागेल हे पुस्तकांच्या संख्येवरून काढू नये, लांबीवरून काढावं. पुस्तकं बाहेर काढण्याआधी प्रत्येक वर्गाची फळीवरची लांबी मीटरमध्ये मोजून लिहून ठेवायची. ते राहून गेलं असेल तर अंदाज असा: मोठ्यांच्या बांधीव पुस्तकांची सरासरी जाडी तीन सेमी धरली तर मीटरला ३३ पुस्तकं बसतात. मुलांची पातळ पुस्तकं याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त बसतात, संदर्भग्रंथ वीसच्या आसपास.

समजा २०,००० पुस्तकं आहेत. मीटरला ३३ म्हणजे ६०६ मीटर. पण खण कधीच गच्च भरायचे नसतात, तीन चतुर्थांश भरायचे. म्हणजे लागणारी लांबी झाली ८०८ मीटर. ९० सेमीचा एक खण धरला तर जवळजवळ ९०० खण. सहा खणांच्या एकेरी मांडण्या १५०, किंवा दोन्ही बाजूंच्या ७५. आता यात आणखी एक आकडा मिळवायचा, जो हमखास विसरला जातो, तो म्हणजे वाचकांकडे असलेली पुस्तकं. बंद करायच्या आधी बरीच ग्रंथालयं ‘हवी तितकी न्या, उघडल्यावर परत करा’ असं सांगतात. कल्पना झकास आहे, तेवढी खोकी कमी भरावी लागतात. पण जुन्या फळ्यांवर मोजलेल्या लांबीत ही पुस्तकं नसतात. उघडल्यावर पंधरा दिवसांत ती सगळी एकदम परत येतात आणि तोवर जागा दुसऱ्यांनी घेतलेली असते.

मोकळी जागा कुठं ठेवायची यावरही सगळं अवलंबून आहे. तळाचा अख्खा खण रिकामा ठेवणं सोपं, म्हणून तेच केलं जातं. मग मधल्या एखाद्या विषयात दहा नवी पुस्तकं आली की पुढची शंभर सरकवावी लागतात. प्रत्येक खणाच्या उजव्या टोकाला वीसेक सेमी मोकळी असली तर ती दहा पुस्तकं मुकाट्याने सामावतात. त्यातही सगळ्या वर्गांना सारखी जागा देऊ नये. कथा-कादंबऱ्या, बालविभाग आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं भरभर वाढतात. तर्कशास्त्र किंवा शब्दकोश वर्षाला दोन-चार इंचांनीही वाढत नाहीत. मागच्या पाच वर्षांचं दाखल रजिस्टर उघडून वर्गवार नोंदी मोजल्या की तुमच्या ग्रंथालयाचं खरं चित्र हाती येतं.

अर्धेमुर्धे भरलेले खण म्हणजे कलणारी पुस्तकं. पुस्तक कललं की कण्यावर ताण येतो आणि बांधणी तिरकी होते. त्यामुळे खणागणिक एक टेकण, म्हणजे बुकएंड हवंच. ९०० खणांना ९०० टेकणं. ही ओळ खरेदीच्या यादीत जवळपास कधीच नसते, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी विटांना रंगीत कागद गुंडाळत बसलेलं दिसतं.

वजन बघा. साध्या पुस्तकांचा एक मीटर वीस ते पंचवीस किलो भरतो, मासिकांच्या बांधीव खंडांचा पंचेचाळीसच्या आसपास. म्हणजे खंडांनी गच्च भरलेली दोन्ही बाजूंची एक मांडणी पाचशे किलोच्या घरात जाते. वाचनकक्षाची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला तीनशे किलोच्या भारासाठी आखलेली असते, तर पुस्तकांच्या भांडाराला सहाशे ते सातशे किलो धरतात. ‘वाचनकक्ष खाली आणू, पुस्तकं वर नेऊ’ असं नकाशावर सहज म्हणता येतं. त्याआधी स्थापत्य अभियंत्याची लेखी सही घ्यावी. फळीचंही तेच: १८ मिमी प्लायवूडला ९० सेमीचा पल्ला झेपत नाही, वर्षभरात पोट सुटतं. पल्ला ७५ सेमीच्या आत ठेवा किंवा पुढच्या कडेला खाली जाड पट्टी मारा.

मांडण्यांमधली वाट ९० सेमी ही अगदी कमीत कमी. चाकांच्या खुर्चीसाठी १२० बरी, आणि वाटेच्या टोकाला वळायला १५० सेमीचा मोकळा गोल हवा. उताराचं प्रमाण एकास बारा. बालविभागातली मांडणी सव्वा मीटरपेक्षा उंच नको. मुलं वरच्या खणाकडे हात पुरवत नाहीत, खालच्या खणावर पाय ठेवून चढतात. म्हणून तिथली प्रत्येक मांडणी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की केलेली असली पाहिजे. बोल्ट लावले का, हे स्वतः हलवून बघायचं. यादीतल्या बरोबरच्या खुणेवर विसंबू नका.

दिव्यांबद्दल एकच सूचना. नळ्या मांडण्यांना समांतर, बरोबर वाटेच्या वर लावल्या तर उजेड छान पडतो, पण मांडण्या एक फूट जरी सरकल्या तरी अर्धे खण अंधारात जातात. आडव्या लावल्या तर मांडण्या कुठंही न्या, उजेड सारखाच. वाचायच्या टेबलावर ५०० लक्स आणि पुस्तकांच्या कण्यांवर २०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) हे प्रमाण आहे. मोजताना उजेडाचा मीटर तळाच्या खणापाशी उभा धरायचा आणि संध्याकाळी मोजायचं. दुपारी खिडकीतल्या उजेडात सगळीच ग्रंथालयं उजळलेली असतात.

परत आणणं

पुस्तकं नेताना जशी बांधली तशीच परत लागतात, त्यामुळे परत मांडायची तयारी खोकी भरतानाच सुरू होते. एका खोक्यात बारा किलोपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण अर्धा मीटर, सोळा-सतरा पुस्तकं. २०,००० पुस्तकांना बाराशे खोकी होतात. मोठ्या खोक्यांनी संख्या कमी होते खरी, पण तिसऱ्या दिवसापासून माणसांच्या कमरा धरतात आणि खोकी तळातून फाटतात. पुस्तकं आडवी किंवा कणा खाली करून ठेवायची. पानांची मोकळी कड खाली करून कधीच ठेवू नये, पानांचा सगळा भार बांधणीला खाली ओढतो.

चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात: अनुक्रमांक, पहिल्या आणि शेवटच्या पुस्तकाचा वर्गांक (विषयावरून दिलेला क्रमांक), आणि जिथं जायचंय त्या मांडणीचा व खणाचा नवा क्रमांक. चिठ्ठी वर न लावता लहान बाजूला लावायची. थप्पी लागली की वरची चिठ्ठी दिसत नाही. विभागवार रंग दिले तर चुकीच्या खोलीत गेलेलं खोकं लांबूनच ओळखू येतं.

रिकाम्या मांडण्यांवर आधी चिठ्ठ्या लावून ‘कोरडी’ फेरी करा: कुठल्या खणात कुठला वर्गांक सुरू होणार ते पेन्सिलीने लिहायचं, पुस्तक एकही ठेवायचं नाही. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या, विषयांना आकडे देणाऱ्या दशांश पद्धतीनुसार पुस्तकं लावा की आणखी कशी, ओळ कुठं वळते हे या फेरीत ठरतं. मांडणीची एक बाजू संपली की पलीकडच्या बाजूला जायचं, की समोरच्या मांडणीवर? दोन गटांनी दोन पद्धती धरल्या तर अख्खा विभाग पुन्हा उतरवावा लागतो.

भरताना तळाच्या खणापासून वर जायचं आणि दोन्ही बाजू बरोबरीने भरायच्या. एक बाजू पूर्ण भरून मग दुसरीकडे वळलं तर मांडणी भरल्या बाजूला झुकते. अपघात होतात ते इथंच. एका जोडीत दोघं: एक खोक्यातून काढून क्रम बघणारा, दुसरा ठेवणारा. कामाला किती दिवस लागतील हे कुणाला विचारू नका. एक मांडणी घड्याळ लावून भरा आणि गुणाकार करा. त्यात दमणं, जेवण आणि हरवलेल्या चिठ्ठ्यांसाठी चौथाई वेळ मिळवा.

प्रत्येक पुस्तक असंही हातातून जातंय, तर ठेवतानाच त्याचा बारकोड स्कॅन करून घ्यावा. एरवी ज्या साठा पडताळणीसाठी ग्रंथालय बंद ठेवावं लागतं ती इथं फुकटात होते. जीर्ण, कसर लागलेली, पानं गळालेली पुस्तकं याच वेळी बाजूला निघतात. ती नव्या मांडणीवर ठेवूच नका. कसर आणि बुरशी शेजाऱ्याकडे जायला वेळ लावत नाहीत. निर्लेखन, म्हणजे पुस्तकं नोंदीतून कायमची काढून टाकणं, मात्र ओझी उतरवता उतरवता करू नये. दमलेला माणूस एक तर सगळंच ठेवतो, नाहीतर सगळंच रद्दीत टाकतो.

संगणक

कोहासारखी ग्रंथालयाच्या नोंदी सांभाळणारी संगणक प्रणाली असेल तर जागा बदललेल्या पुस्तकांच्या नोंदी एकगठ्ठा बदलता येतात. पण आधी शंभर नोंदींवर करून बघावं आणि त्याआधी पूर्ण प्रत काढून ठेवावी. सुट्ट्यांचं कॅलेंडर भरायला विसरलं की बंद काळातही दंड चढत राहतो, आणि उद्घाटनाच्या दिवशी सर्वांत निष्ठावान वाचकाच्या नावावर सर्वांत मोठी थकबाकी दिसते. दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना परतीची एकच तारीख देणं. सभासद क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार तारखा दहा दिवसांवर पसरल्या तर परतीचा लोंढा ओढ्यासारखा येतो, पुरासारखा नाही.

पुस्तकांना आरएफआयडी चकत्या (रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या) लावल्या असतील तर पोलादी मांडणीच्या अगदी टोकाला, पत्र्याला टेकलेल्या पुस्तकांची चकती वाचली जात नाही. धातूजवळ लहरी मंदावतात. चकती कण्याच्या जवळ पण प्रत्येक पुस्तकात थोड्या वेगळ्या उंचीवर लावली की शेजारच्या चकत्या एकमेकींना झाकत नाहीत. आणि वीज किंवा जाळं गेलं तर? चार रकान्यांची कागदी वही: सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, तारीख, सही. पहिल्या दिवशी ती काउंटरवर उघडी ठेवायची.

साखळी

लोकांना नुसतं बघायला बोलावण्यापेक्षा हात लावायला बोलावलं तर दिवस त्यांचा होतो. हातोहात पुस्तकं पुढं देणारी माणसांची साखळी हा त्याचा सर्वांत देखणा प्रकार. १८ जानेवारी २०१४ ला लाटव्हियाच्या रीगा शहरात सुमारे १४,००० माणसं थंडीत रांगेत उभी राहिली आणि राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीतून पुस्तकं हातोहात नदीपलीकडच्या नव्या इमारतीत गेली. तिथंही साखळी प्रतीकापुरतीच होती, मोठा साठा गाड्यांनीच गेला. तुमच्याकडेही तसंच ठेवा. त्याचं गणित सरळ आहे.

एका माणसाला सव्वा मीटर जागा धरा. २२५ मीटर अंतराला १८० माणसं. एक पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जायला तीन सेकंद. पहिलं पुस्तक टोकाला पोचायला ५४० सेकंद, म्हणजे नऊ मिनिटं. त्यानंतर दर तीन सेकंदांना एक. ३०० पुस्तकं हवी असतील तर आणखी पंधरा मिनिटं. चोवीस मिनिटांत कार्यक्रम संपतो, तेवढं लोकांना उभं राहणं जमतं. हजार पुस्तकं म्हटली की तासभर होतो, आणि चाळिसाव्या मिनिटाला रांगेत भोकं पडतात.

रांगेचा वेग सर्वांत हळू हाताइतका असतो. लहान मुलं आणि वयस्क माणसं एकत्र एका टोकाला उभी करू नका, मधे मधे विखरा. सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड केलं तर प्रत्येकाला कमरेत वळावं लागतं. एकाआड एक समोरासमोर तोंडं केली तर पुस्तक नागमोडी जातं आणि कुणालाच वळावं लागत नाही. क्रम बिघडतोच, म्हणून दर पन्नास पुस्तकांमागे रंगीत पट्टी लावलेलं एक पुस्तक सोडायचं. ते टोकाला पोचलं की तोवर पन्नास आली का, ते मोजता येतं. कुणी पुस्तक उघडून वाचायला लागतं आणि मागे ढीग साचतो. हे होणारच, आणि खरं तर त्याला रागवायची कुणाची छाती नसते. त्यासाठी दर वीस माणसांमागे एक मोकळा स्वयंसेवक ठेवा, तो ढीग उचलून पुढं नेईल. साखळीत धडधाकट, अलीकडची, दुसरी प्रत असलेली पुस्तकंच द्यावीत. पाऊस आला तर काय, हे आधी ठरवा आणि सांगून ठेवा.

साखळी जमत नसेल तर त्याहून साधी गोष्ट आहे. ३ सप्टेंबर २०१३ ला बर्मिंगहॅमचं नवं ग्रंथालय उघडताना मलाला युसुफझाई यांनी मांडणीवर शेवटचं पुस्तक ठेवलं. फितीपेक्षा हे कितीतरी बोलकं. फक्त ती जागा आधीपासून खरोखर रिकामी ठेवा आणि त्या पुस्तकाचा वर्गांक तिथलाच असू द्या. फोटोसाठी भलत्याच खणात ठेवलेलं पुस्तक नंतर महिनाभर सापडत नाही.

दिवस

भाषणं बाहेर, मोकळ्या जागेत किंवा सभागृहात, एकूण वीस मिनिटं. मांडण्यांमध्ये खुर्च्या लावायच्या नाहीत. पाणी, खाणं, फुलदाण्या पुस्तकांच्या खोलीबाहेर. कागदी चुरा उडवणारी नळकांडी अजिबात नकोत, तो चुरा पानांतून आणि कीबोर्डमधून वर्षभर निघत राहतो. सुटलेले फुगे छताला जाऊन बसतात आणि रात्री हवेने हलले की चोरघंटीचे सेन्सर वाजवतात. उघडी ज्योत किंवा धूर करायचा असेल तर धूरशोधकापासून लांब, अंगणात. दुसऱ्या दाराला कुलूप लावून त्यावर सजावटीचा पडदा सोडलेला बऱ्याचदा दिसतो. ते दार उघडंच हवं, आणि तिथं एक माणूस उभा हवा. पाहुणे फीत कापतात त्याच दारातून तीनशे माणसं बाहेर काढायचा प्रसंग येऊ नये.

सगळ्यात मोठी रांग नव्या सभासदांची लागते. एक अर्ज भरून, ओळखपत्र बघून, कार्ड द्यायला सहा मिनिटं धरली तर तासाला साठ माणसांसाठी सहा टेबलं लागतील. ती नसतातच. म्हणून अर्ज दोन आठवडे आधीच घेऊन ठेवा. त्या दिवशी फक्त छापलेलं कार्ड हातात द्या आणि लगेच पहिलं पुस्तक नावावर चढवा. ग्रंथालयातल्या माणसांपैकी निम्मी काउंटरमागे न बसता मांडण्यांमधल्या वाटांत उभी राहू द्यात, गळ्यात ‘विचारा’ असा बिल्ला घालून.

आदल्या आठवड्यात पंचवीस-तीस नेहमीच्या वाचकांना बोलावून तालीम घ्यावी. प्रत्येकाला एक काम द्यायचं: अमुक पुस्तक शोधा, मुदत वाढवा, चाकांच्या खुर्चीतून स्वच्छतागृहापर्यंत जा, दुपारी चार वाजता संगणकाच्या पडद्यावर उन्हाची तिरीप येते का बघा. स्वच्छतागृहाची आतली कडी, लिफ्टमधला घंटीचा बटण, पाण्याचा नळ ही तीन ठिकाणं तालमीत सर्वांत जास्त नापास होतात.

पाट्या

कायमच्या पाट्या उद्घाटनाआधी करून घेऊ नयेत, हे माझं ठाम मत आहे. कागदावर मोठ्या अक्षरात छापून चिकटवा आणि चार आठवडे थांबा. तेवढ्या दिवसांत काउंटरवर एक वही ठेवून, लोक ‘कुठे आहे’ म्हणून काय विचारतात ते जसंच्या तसं टिपा. ‘साहित्येतर गद्य’ असं लिहिलेल्या पाटीखाली उभा राहून माणूस ‘प्रवासवर्णनं कुठं?’ विचारत असेल तर पाटी चुकली आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलचं आहे. त्या वहीत तो वेळ कुठं वाया जातो हे तारीखवार दिसतं. जुन्या जागा लक्षात ठेवून आलेल्यांसाठी दाराशी एक तक्ता लावा: डावीकडे जुनी जागा, उजवीकडे नवी. तो तीन महिने तरी काढू नका.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी दार एक तास उशिरा उघडायचं ठरवून ठेवा. शेकडो हातांनी काढून बघितलेली पुस्तकं कुठंही खोवलेली असतात. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. त्या तासात सर्वांत आधी दर्शनी मांडण्या, मग बालविभाग, मग कथा-कादंबऱ्या, या क्रमाने कणे वाचत जायचं. परतीच्या पुस्तकांसाठी दोन ढकलगाड्या रिकाम्या करून दाराशी लावायच्या, आणि काउंटरवरच्या वहीचं नवं पान उघडायचं.